भिंगरीचं रॉकेट आणि माझा इस्त्रीचा सदरा

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी उजवा गुडघा महिनाभर संपावर आहे, तेव्हा हा नमस्कार सात अंगांचा समजून स्वीकारावास. उरलेलं अंग कामावर रुजू झालं की वेगळं पाठवीन.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला त्यांना अजून सोडत नाही की आता तेच खोकल्याला सोडत नाहीत? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.

पत्रास कारण की, मला तुझ्या कन्येविरुद्ध एक गंभीर तक्रार गुदरायची आहे. विषय माझ्या पांढऱ्या सदऱ्याचा आहे. हा सदरा मी गेली नऊ वर्षं निष्कलंक राखला. पण तुझ्या भिंगरीच्या रॉकेटपायी तो नऊ दिवसांत चार वेळा इस्त्री झाला आणि एकदाही मळला नाही. ज्या कापडाच्या नशिबी घाम नाही, त्यानं चटके तरी का सोसावेत? कॉलर आता अशी कडक झाली आहे की मान वळवायची तर मला आख्खं वळावं लागतं. यात माझा दोष शून्य. आप्पांचा हुकूम होता. हवामान वेधशाळेत असताना वरिष्ठ कार्यालयातून तपासनीस यायचे तेव्हा सगळे इस्त्रीचे कपडे घालून उभे राहत, आणि नातीनं बनवलेलं यंत्र आकाशात जाताना आपण बनियनवर बसलो तर वरून दिसेल, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, आप्पा, ते यंत्र पाऊस मोजणार आहे, बनियन नव्हे. तर म्हणाले की जे पाऊस मोजतं त्याला सगळंच दिसतं. तुझ्या भावजयीनं मला इस्त्रीच्या टेबलाशी पाहिलं आणि पुन्हा बोहल्यावर चढायचा बेत असल्यास आधी सांगा, माहेरी पत्र टाकायला बरं, एवढंच सुनावून ती आत गेली.

तुला ठाऊकच आहे, पण तू म्हणशील की धाकट्यानं मुद्दा सोडून सदऱ्याचं पुराण लावलं, म्हणून क्रमानं सांगतो. भिंगरीनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी केलेलं ते पावसाचं यंत्र ज्या उपग्रहात बसवलं, तो उपग्रह पाठवायचं ठरलं तेव्हा तिनं आजोबांना फोन करून सांगितलं की वरून मोजलेला पाऊस खरा की खोटा हे ताडून पाहायला खाली जमिनीवर ठिकठिकाणी पर्जन्यमापक लागतात, आणि त्या यादीत तिनं आपल्या अंगणातल्या पर्जन्यमापकाचं नाव घातलं आहे. पुढल्या महिन्याच्या एक तारखेपासून आप्पांनी रोज सकाळी ठरल्या वेळेला पाऊस मोजायचा, छापील तक्त्यात भरायचा आणि पाठवायचा. ताई, त्या दिवसापासून या घरात एक्क्याऐंशी वर्षांचे वडील राहत नाहीत, सेवेत परत बोलावलेला अधिकारी राहतो. पर्जन्यमापकाच्या चार हात परिसरात मला चप्पल घालून जायला बंदी आहे. अंगणातला पेरू छाटला, कारण त्याच्या पानांवरून उडणारा थेंब मापकात पडला तर तो पाऊस धरायचा की पेरू, हा प्रश्न निर्माण होतो. निवृत्तीनंतरच्या एकवीस वर्षांत मी त्यांना इतकं आनंदी पाहिलं नव्हतं. फोन ठेवून ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ नुसते गुडघ्यांवर बोटं वाजवत होते, आई असताना वाजवायचे तसे.

तर पहिला मुहूर्त सोमवारी सकाळी साडेनऊचा. छापखान्यात मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. (मालकांनी कारणाच्या रकान्यात ‘रॉकेट’ वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि ते आपल्याकडून सुटणार आहे का म्हणून विचारलं.) आपल्या खाली राहणारे शिंपी गळ्यात टेप तशीच ठेवून वर आले. सव्वानऊला भिंगरीचा निरोप: वरचा वारा जोराचा आहे, उड्डाण पुढे ढकललं. शिंपी खिडकीबाहेर पाहून म्हणाले की पान हलत नाही, कसला वारा. आप्पांनी त्यांच्याकडे तू लहानपणी माझ्याकडे पाहायचीस तसं पाहिलं. मग अर्धा तास आम्हा दोघांना वरच्या वाऱ्यावर व्याख्यान. खाली पान हलत नसतं आणि दहा किलोमीटरवर वारा घोड्यावर बसलेला असतो, हे वाक्य तू आणि मी किती जेवणांबरोबर गिळलं आहे. त्या वाऱ्याचं नाव निघताच त्यांचा चेहरा असा उजळला, जणू जुन्या शाळासोबत्यानं गावात येऊन निरोप धाडला असावा. रॉकेट गेलं नाही याचं दुःख राहिलं बाजूला.

दुसरा मुहूर्त गुरुवारी, वेळ तीच. सदऱ्याला दुसरी इस्त्री. (मालकांनी या वेळी फक्त सुस्कारा सोडला.) या खेपेला उलटी गणती चार मिनिटांपर्यंत आली. शिंपी श्वास रोखून होते, तुझ्या भावजयीनं हातातला वाटाणा सोलायचा थांबवला होता. तेवढ्यात गणती थांबली. उड्डाणतळाच्या आसपास गडगडाटी ढग आला होता. शिंपी म्हणाले, “कापड बेतलं, कात्री हातात घेतली, आणि गिऱ्हाईक म्हणतं जरा थांबा, मी जाड होतोय.” मीही चिडून म्हटलं की ज्या पावसाला मोजायला निघालात त्याच पावसाची परवानगी मागत बसायचं, हा कुठला शूरपणा. आमच्या वेळी वेधशाळेचा फुगा असा अडून बसत नसे.

हे बोललो आणि फसलो, कारण आप्पा हसले. मोठ्यानं नाही, तसं ते हसतच नाहीत, पण मिशीचं डावं टोक हललं. “फुगा,” म्हणाले, “फुगा तू सोडत होतास की फुगा तुला?”

ताई, तुला फुग्यांची खोली आठवते का? तो रबराचा आणि शंखजिऱ्याच्या पावडरीचा वास, आणि ठिणगीच्या भीतीनं पंख्याला बंदी म्हणून आतला उकाडा. आप्पा फुग्यात वायू भरायचे तेव्हा तो आधी आजारी म्हाताऱ्यासारखा जमिनीवर लोळायचा, मग बसायचा, मग उभा राहायचा आणि शेवटी आपल्या तिघांपेक्षा उंच होऊन दाराला धडका द्यायचा. तू त्याला धरायचीस, कारण तू थोरली आणि तुझे हात स्थिर. माझ्याकडे दोऱ्याला बांधलेली, हवा मोजणाऱ्या यंत्राची ती पांढरी डबी, जिच्यावर ‘सापडल्यास कृपया परत करावी’ असं छापलेलं असे. (त्यातलं ‘कृपया’ चुकीचं छापलं आहे असं मी सातव्या वर्षी आप्पांना दाखवलं, आणि त्याच दिवशी माझ्या पोटापाण्याचा धंदा ठरला.) दिवसातून दोनदा, ऊन असो, धुकं असो, वादळ असो. पुढे ढकलणं हा शब्दच नव्हता. हवा कशी आहे ते पाहायलाच फुगा जायचा, मग हवा वाईट म्हणून तो कसा थांबेल? एकदा गारा पडत असताना आप्पा डोक्यावर परात धरून निघाले होते. आईनं दारातून बजावलं की गारा घरात बसूनही मोजता येतात, तर म्हणाले घरात पडल्या की मोजतो. मग ते “सोड” म्हणायचे, तू हात उघडायचीस, आणि मी डबी हातात घेऊन दोरा ताणला जाईपर्यंत धावायचो. वेळेत सोडली नाही तर तो मला नेईल अशी भीती वाटायची आणि त्याहून जास्त इच्छा असायची. फुगा दिसेनासा झाल्यावरही आपण तिघं माना वर करून उभे. आई म्हणायची, तिघांपैकी एकाच्या तरी तोंडात चिमणी घर करील.

आणि ती दोन घड्याळं. स्वयंपाकघरातलं एक आपल्या वेळेचं, दुसरं जगाच्या वेळेचं, साडेपाच तास मागचं. आई पहिल्यावर स्वयंपाक करायची, आप्पा दुसऱ्यावर जगायचे, आणि या घरात भूक एकच पण ती दोनदा लागते, अशी आईची कायमची तक्रार. जगभरचे निरीक्षक एकाच घड्याळावर नोंद करतात हे तिला पटायचं, पण मग जगानं आपल्या घड्याळावर यावं, असं तिचं म्हणणं होतं. तुझ्या जन्माची नोंदसुद्धा आप्पांनी जगाच्या वेळेत केली आहे. तू जन्मलीस तेव्हा हवेचा दाब किती होता हे आजही सांगता येतं. तुझं वजन किती होतं ते मात्र कुणी लिहिलं नाही. आणि आपला तो पाढा: जगात जायचं तर साडेपाच सोडायचे, घरी यायचं तर साडेपाच आणायचे. चुकलं की जेवण साडेपाच तास उशिरा, म्हणजे नुसती धमकी, पण मी चुकत नसे. तू एकदा मुद्दाम चुकली होतीस, धमकी खरी आहे का पाहायला. आप्पांनी स्वतः तुझ्याबरोबर साडेपाच तास उपाशी काढले.

असो. विषयांतर हा माझा जुना रोग, गुडघ्याहून जुना. तिसरा मुहूर्त शनिवारी. आकाश स्वच्छ, वारा शहाणा, इस्त्री तिसरी. आणि समुद्रातल्या मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यात एक मासेमारीची होडी शिरली. तिला बाहेर काढेपर्यंत वेळ संपली. एवढे शास्त्रज्ञ, एवढी यंत्रं, आणि एका होडीनं सगळ्यांना बसवून ठेवलं. शिंप्यांनी त्या कोळ्याला मनोमन सलाम ठोकला. आप्पांनी मात्र त्याला मासे मिळाले का, ते विचारलं. मला कसं कळणार, मी म्हटलं. नोंद अपुरी राहिली म्हणाले.

या तीनही वेळा निरोप भिंगरीचा होता, आपल्या घड्याळाप्रमाणे. चौथ्या वेळी पोरगी कामात बुडाली होती. तिनं तळावरची अधिकृत सूचनाच जशीच्या तशी पाठवली, आणि तिच्यात फक्त जगाची वेळ: मंगळवार, साडेबारा वाजता. आप्पांना काय आनंद. आता कुठे रीतसर सूचना आली म्हणाले. कागद टेबलावर सरळ केला, पेन्सिलीला टोक केलं, आणि खाली लिहिलं: स्थानिक वेळ, सकाळी सात. मी शेजारी उभा होतो. मी दिवसाला चाळीस पानांतल्या दुसऱ्यांच्या चुका धरतो, त्यावर माझं घर चालतं. पण आप्पांनी काढलेली वेळ तपासायची हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. सूर्य कुठून उगवतो हे कोणी तपासतं का?

मंगळवारी पावणेसातला आम्ही चौघं टीव्हीसमोर. चौथ्या इस्त्रीचा सदरा. पडद्यावर तळाचा कॅमेरा चालू होता. रॉकेट उभं, आजूबाजूला चिटपाखरू नाही, वर निळंभोर आकाश. निवेदक नाही, गणती नाही. सात वाजले. सात वाजून पाच. शिंप्यांनी जांभई दिली. आप्पा मनगटावरचं घड्याळ पाहायचे, पडदा पाहायचे, पुन्हा घड्याळ. मी सूचना पाहायला टेबलाशी गेलो आणि कागदावरचे ते दोन आकडे शेजारी शेजारी दिसले. साडेबारा. सात. घरी यायचं तर साडेपाच आणायचे. त्यांनी सोडले होते.

मी बोटांवर मोजलं, ताई. पन्नाशी उलटलेल्या माणसानं बोटांवर मोजलं, कारण माझं चुकत असावं अशीच माझी खात्री होती. मान वर केली (म्हणजे आख्खा वळलो) तर तुझी भावजय माझ्याकडे पाहत होती. तिनं ते केव्हाच मोजलं होतं.

मग मी जाहीर केलं की आताच निरोप आला, ढगांमुळे अकरा तास पुढे गेलं, आता संध्याकाळी सहाला. शिंपी म्हणाले, “कुठायत ढग?” आणि पडद्याकडे बोट केलं. त्या आकाशात टाचणीएवढा ढग नव्हता. तुझ्या भावजयीनं त्यांना आत बोलावलं, डबा वरच्या फळीवरून काढून हवा आहे म्हणून. आमच्याकडे वरच्या फळीवर डबा नाही, फळीसुद्धा नाही. आप्पा पडद्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता विचारतील कुठले ढग, किती उंचीवरचे, कुठल्या दिशेचे. मी मनात एक-दोन ढग तयारही केले.

“बरं,” आप्पा म्हणाले. “ढग असतील तर थांबलंच पाहिजे.”

आणि ते सदऱ्याची गुंडी सोडून आत पडायला गेले.

संध्याकाळी सहा वाजता रॉकेट गेलं. त्याचं वर्णन काय करू, तू तर भिंगरीबरोबर तिथेच होतीस, मी निम्मं शिंप्यांच्या डोक्याआडून पाहिलं. आधी प्रकाश, मग धूर, आणि मग ते एवढं जड काहीतरी इतकं सावकाश निघालं की हे जातंय की विचार बदलतंय असं वाटावं. शिंप्यांनी माझा हात गच्च धरला होता. आप्पा उभे होते, हात मागे बांधून, मान किंचित वर. पडद्यावरून ते नाहीसं झालं, तिथली माणसं एकमेकांना मिठ्या मारू लागली, तरी आप्पा पडद्याच्या वरच्या कोपऱ्याकडेच पाहत होते आणि मीही. मग त्यांनी घड्याळात पाहून वेळ सांगितली. “बारा वाजून बत्तीस मिनिटं.” बरोबर, जगाची, एका दमात. माझा जीव भांड्यात पडला. मी मनात म्हटलं, सकाळचं ते काही नव्हतं, एखादा अनुस्वार राहून जातो तसं होतं.

तेव्हा भिंगरीला आमच्या सर्वांचे आशीर्वाद सांग, सदऱ्याबद्दल मी तिला उदार मनानं क्षमा केली आहे असंही सांग. भावोजींना नमस्कार.

तुझा
धाकटा

ता. क. सकाळच्या अकरा तासांची गोष्ट भिंगरीला सांगू नकोस. तिच्या मनात उगीच कालवाकालव नको.

ता. क. दोन. पत्र पाकिटात घालायच्या आधी टेबलावर आप्पांची नोंदवही उघडी दिसली. ते वही कधी उघडी ठेवत नाहीत, तेव्हा ती माझ्यासाठीच होती हे उघड आहे. निरीक्षकानं चूक कधी खोडून टाकायची नसते, हा त्यांच्या नोकरीतला नियम. चुकीच्या आकड्यावर एकच बारीक रेघ मारायची, आकडा वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. मंगळवारच्या ओळीत ०७:०० वर रेघ आहे, वर १८:०० आहे, शेजारी त्यांची आद्याक्षरं. आणि शेऱ्याच्या रकान्यात दोन वाक्यं: ‘निरीक्षकाची चूक. ढग नव्हते.’ अक्षर नेहमीसारखं सुंदर आहे. मी वही होती तशीच ठेवली. जेवताना आम्ही दोघं पेरूच्या छाटणीवर बोललो.

ता. क. तीन. पत्र खरं तर इथूनच सुरू करायला हवं होतं. एक तारखेला तक्ते सुरू होतील, आणि तक्त्यात पहिलाच रकाना जगाच्या वेळेचा आहे. तू त्याआधी आठ दिवस ये. भिंगरीच्या कामातलं काही शिकून घ्यायचं आहे असं सांग, त्यांच्या शेजारी बस, ते भरतात तसं बघ. तुझ्यासमोर ते लपवत नाहीत, माझ्यासमोर लपवतील आणि मी लपवू देईन. त्यांचं नाव यादीतून काढायला लावू नकोस, निदान तू स्वतः पाहिल्याशिवाय नको. ही त्यांची पहिली चूक आहे की मला दिसलेली पहिली, ते मला ठरवता येत नाही. आधीच्या वह्या कपाटात आहेत, किल्ली माझ्याकडे आहे, आणि उघडून पाहायची मला भीती वाटते.